आई-बाबांसाठी कोणते जहाज?

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरची कितीतरी आई-बाबा मंडळी दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलामुलींकडे राहायला जातात. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात मराठी घरे बरीच आहेत आणि अलास्काच्या क्रूझ तर सिएटलच्या धक्क्यावरूनच सुटतात. साहजिकच ‘या खेपेला आई-बाबांना अलास्का दाखवू’ असा बेत ठरतो. मग दोन जहाजे समोर येतात. एक अवाढव्य असते, त्यावर पाण्याचे खेळ, नाटकघर, आकाशात वर उचलणारा काचेचा गोल असे सगळे असते. दुसरेही मोठेच, पण पहिल्याच्या मानाने आटोपशीर आणि शांत. भाड्यात थोडाफार फरक. घरात दोन मते पडतात. एक म्हणते, जहाज जितके मोठे तितके कमी हलते, वयस्करांना तेच बरे. दुसरे म्हणते, मोठ्या जहाजावर गर्दी फार, त्यांना ती झेपायची नाही. दोन्ही मते ठामपणे मांडली जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

नेमके बोलायचे तर दोन खरी जहाजे घेऊ. पहिले रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘ओव्हेशन ऑफ द सीज’. जर्मनीत पापेनबुर्ग येथे बांधलेले, सुमारे ३४८ मीटर लांब, एका केबिनमध्ये दोघे धरले तर ४,१८० प्रवाशांचे. अलास्काच्या अनेक हंगामांत ते सिएटलहून निघत आले आहे. दुसरे हॉलंड अमेरिका लाइनचे ‘कोनिंग्सडाम’. इटलीत व्हेनिसजवळच्या मार्गेरा येथे बांधलेले, जवळपास ३०० मीटर लांब, २,६५० प्रवाशांचे. अलीकडच्या हंगामांत ते कॅनडातल्या व्हँकूवरहून सुटते. दोन्ही जहाजे २०१६ सालची आहेत, त्यामुळे नव्या-जुन्याचा वाद इथे येत नाही. माझे म्हणणे असे, की वयस्कर जोडप्याने या दोहोंतून निवड करताना आधी जहाज कोणत्या पाण्यातून जाते ते पाहावे, मग त्यावर रोज किती चालावे लागेल ते, आणि जहाजावरची करमणूक सगळ्यात शेवटी. जाहिरातीत हा क्रम बरोबर उलटा असतो.

टनांचा आकडा कशाचा?

जहाजाच्या माहितीत पहिला आकडा असतो तो ‘ग्रॉस टनेज’चा. ओव्हेशनचा १,६८,६६६ आणि कोनिंग्सडामचा ९९,८३६. टन म्हटले की आपल्याला वजन वाटते आणि ‘जड जहाज कमी हलणार’ असा निष्कर्ष लगेच निघतो. पण हा आकडा वजनाचा नाहीच. जहाजाच्या आतली सगळी बंदिस्त पोकळी, म्हणजे केबिन, जेवणघरे, यंत्रघर, कोठारे यांचे एकूण घनफळ घेऊन १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्राने तो काढतात. वरती आणखी दोन मजले चढवले की हा आकडा वाढतो, पण त्याने जहाज पाण्यात अधिक स्थिर होते असे नाही. क्रूझचे जहाज पाण्याखाली फारसे खोल नसते. त्याचा मोठा भाग पाण्याच्या वर असतो आणि जोराचा वारा त्या उंच भिंतीवर आदळतो.

या आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी किती जागा वाट्याला येते याचा अंदाज मिळतो. इथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते. मोठे जहाज म्हणजे दाटी असा आपला समज, पण या भागाकारात मोठे जहाजच किंचित पुढे आहे.

┌─────────────
चौकट : माणशी जागा

ओव्हेशन : १,६८,६६६ ÷ ४,१८० = सुमारे ४०
कोनिंग्सडाम : ९९,८३६ ÷ २,६५० = सुमारे ३८

हे उत्तर एका केबिनमध्ये दोघेच आहेत असे धरून आलेले आहे. अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्टीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या खाटाही मुलांनी भरतात. ओव्हेशनची कमाल क्षमता ४,९०५ प्रवाशांची आहे. ते पूर्ण भरले तर हाच आकडा सुमारे ३४ वर येतो.
└─────────────

तरीही गर्दीचा प्रश्न या भागाकाराने सुटत नाही. लग्नासाठी मंगल कार्यालय कितीही ऐसपैस घेतले तरी पाहुण्यांना गर्दी जाणवते ती हात धुवायच्या जागी, जेवणाच्या रांगेत आणि चपला काढायच्या दारात. सभागृहाच्या क्षेत्रफळाशी तिचा संबंध नसतो. जहाजावर या जागा म्हणजे लिफ्ट, सकाळच्या नाश्त्याचे बुफे आणि बंदरावर उतरायचे दार. जहाज सकाळी अलास्कातल्या ज्युनोला लागले की सगळ्यांना एकाच तासात उतरायचे असते, आणि दारे दोन किंवा तीन. चार हजार माणसे दोन दारांतून जाणार आणि अडीच हजार माणसे दोन दारांतून जाणार, यातला फरक उभे राहून थकणाऱ्या माणसाला चांगलाच कळतो. माणशी जागा सारखी असूनही लहान जहाज ‘मोकळे’ वाटते ते यामुळे. त्यात कोनिंग्सडामच्या कंपनीचे प्रवासी साधारणपणे वयाने मोठे असतात. ते आठ वाजता एकदम धावत सुटत नाहीत.

पाणी आधी, जहाज नंतर

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नकाशावर सिएटल आणि व्हँकूवर अगदी शेजारी आहेत, गाडीने अडीच-तीन तासांचे अंतर. तिथून उत्तरेकडे अलास्काला जायला मात्र दोन वाटा आहेत. व्हँकूवर आयलंड नावाचे सुमारे साडेचारशे किलोमीटर लांबीचे बेट मुख्य भूमीला समांतर पसरले आहे. त्याच्या आणि मुख्य भूमीच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाणारी वाट आडोशाची आहे. हीच प्रसिद्ध ‘इनसाइड पॅसेज’. बेटाच्या पश्चिमेकडून जाणारी दुसरी वाट उघड्या प्रशांत महासागरातली. व्हँकूवरहून निघालेले जहाज सहसा आतल्या वाटेने जाते. सिएटलहून निघणारी मोठी जहाजे बहुतेक वेळा बाहेरच्या वाटेने जातात. म्हणजे आपण धक्का निवडतो तेव्हा नकळत समुद्रही निवडलेला असतो.

आतली वाट किती आतली आहे, ते सेमूर नॅरोज या जागी कळते. तिथे दोन्ही काठांवरची झाडे डेकवरून स्पष्ट दिसतात आणि भरती-ओहोटीच्या वेळी पाणी १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी जवळपास २८ किलोमीटर वेगाने वाहते. याच अरुंद जागी पाण्याखाली रिपल रॉक नावाचा दुहेरी सुळका होता आणि त्याने शंभराहून अधिक जहाजांचे नुकसान केले होते. अखेर खालून बोगदा खणून, हजार टनांहून अधिक स्फोटके भरून, ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवून देण्यात आला. आजही जहाजे प्रवाह मंदावण्याची वेळ साधूनच इथून जातात. लाटा मात्र इथे नसतातच म्हटले तरी चालेल, कारण मोठी लाट तयार व्हायला वाऱ्याला शेकडो किलोमीटरचे मोकळे पाणी लागते आणि ते इथे नाही. आतल्या वाटेवरही बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंडचा काही तासांचा उघडा टप्पा लागतो. तिथे जहाज हलू शकते. पण काही तास हलणे आणि एक अख्खा दिवस-रात्र हलणे यात पासष्ट-सत्तरीच्या माणसाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

सिएटलची जहाजे कॅनडातल्या व्हिक्टोरियाला का थांबतात, हाही प्रश्न पुष्कळांना पडतो. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाने अमेरिकेतल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये कुठेही परदेशी बंदर न गाठता, त्यांना अमेरिकेतच उतरवायचे नाही असा त्याचा आशय. क्रूझची जहाजे बहुतेक परदेशी ध्वजाचीच असतात. म्हणून सिएटलहून निघालेल्या जहाजाला व्हिक्टोरियाचा थांबा घ्यावा लागतो. तो सहसा शेवटच्या संध्याकाळी असतो आणि वेळ थोडाच मिळतो. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा, की सिएटलहून निघालात तरी कॅनडाचा प्रश्न टळत नाही. ‘सिएटलचेच जहाज घेऊ, व्हिसाची कटकट नको’ हे गणित म्हणूनच चुकते.

बोट कुणाला आणि कुठे लागते?

मोठे जहाज कमी हलते हे खरे आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. जहाज पुढेमागे डोलते ते मुख्यतः लाटेची लांबी जहाजाच्या लांबीच्या आसपास गेली की. दोन लाटशिखरांमध्ये आठ सेकंदांचे अंतर असेल तर खोल समुद्रात ती लाट सुमारे १०० मीटर लांब असते. दहा सेकंदांना सुमारे १५६ मीटर, बारा सेकंदांना सुमारे २२५ मीटर. तीनशे मीटरचे जहाज अशा एकाहून अधिक लाटांवर एकाच वेळी टेकलेले असते, म्हणून ते फारसे डोलत नाही. तीच गोष्ट ३४८ मीटरच्या जहाजाची. नेहमीच्या हवामानात दोन्ही जहाजे लाटांहून लांब आहेत. शंभर मीटरच्या बोटीशी तुलना केली तर फरक जमीन-अस्मानाचा, पण या दोघांत तो किरकोळ.

एकाच जहाजावरच्या दोन केबिनमधला फरक मात्र किरकोळ नसतो. जहाज मध्यभागाभोवती पुढेमागे फक्त १ अंशाने कलले असे समजा. मध्यापासून १५० मीटरवर, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, केबिन सुमारे अडीच मीटर वर-खाली जाते. मध्यापासून ३० मीटरवरची केबिन जेमतेम अर्धा मीटर हलते. उंचीचेही तसेच. जहाज बाजूला २ अंशांनी कलले तर तीस मीटर उंचीवरचा माणूस सुमारे एक मीटर बाजूला ढकलला जातो, खालच्या डेकवरच्याला ते जाणवतही नाही. म्हणून वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, ‘समोर अथांग समुद्र’ दाखवणारी महागडी केबिन वयस्कर जोडप्याला घेऊन देणे म्हणजे पैसे देऊन हेलकावे विकत घेणे. लांबीने मधली आणि उंचीने खालच्या-मधल्या डेकवरची केबिन घ्यावी. दोन्ही बाजूंना केबिनच असतील आणि वर-खाली नाटकघर किंवा बुफे नसेल, तर झोपही शांत लागेल.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली आडवे पंख असतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. वाहत्या पाण्याचा दाब या पंखांवर वर किंवा खाली पडतो आणि जहाजाचे डावी-उजवीकडे डोलणे बरेच कमी होते. पण जहाज पुढे जात असेल तरच पंखांवर हा दाब येतो, म्हणून जहाज मंद झाले की त्यांचा परिणामही मंदावतो. शिवाय पुढेमागे डोलण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. ‘आधुनिक स्टॅबिलायझर आहेत, अजिबात हलत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे आहे.

बोट लागते म्हणजे नेमके काय होते? कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि केबिनच्या स्थिर भिंतींकडे पाहणारे डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे. या विसंगतीने मळमळ सुरू होते. साधारण पाच सेकंदांना एक अशी संथ वर-खाली हालचाल सर्वांत त्रासदायक असते. वय वाढते तसे हे मळमळणे बहुतेकांचे कमी होते, पण तोल जाण्याचा धोका वाढतो. मळमळीने एक दिवस वाया जातो. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला तर खुब्याचे हाड मोडू शकते. आणि बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या झोप आणतात, काही वयस्करांना गोंधळल्यासारखे करतात, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडण्याचा त्रास देऊ शकतात आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत चालत नाहीत. ‘सगळेच घेतात ती गोळी’ म्हणून आई-बाबांच्या हातावर ठेवू नये. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

रोज किती चालायचे?

जहाजाच्या लांबीचा वयस्करांना होणारा सगळ्यात थेट परिणाम म्हणजे चालणे. बुफे एका टोकाला, नाटकघर दुसऱ्या टोकाला, केबिन मध्ये कुठेतरी. मधोमध केबिन घेतली तरी एका खेपेला शंभर-दीडशे मीटर सहज होतात. नाश्ता, जेवण, चहा, संध्याकाळचा कार्यक्रम, मध्ये विसरलेला चष्मा आणायची फेरी असे धरले तर दिवसाकाठी दीड किलोमीटर फक्त कॉरिडॉरमध्ये होते, आणि तेही बंदरावर उतरण्यापूर्वी. गुडघे दुखणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही. लिफ्ट आहेत, पण कार्यक्रम सुटला की त्यांच्यासमोर रांग लागते आणि मग लोक जिन्याने जातात. पन्नास मीटर कमी लांब आणि दीड हजार माणसांनी हलके जहाज इथे रोज, प्रत्येक खेपेला उपयोगी पडते. कोनिंग्सडामवर ३ क्रमांकाच्या डेकवरून जहाजाभोवती मोकळ्या हवेत पूर्ण फेरी मारता येते. सकाळ-संध्याकाळ चालायची सवय असलेल्यांना ही गोष्ट पोहण्याच्या चार तलावांपेक्षा मोलाची वाटेल.

बाथरूमकडेही बारकाईने पाहावे. नेहमीच्या केबिनमध्ये बाथरूमच्या दाराशी उंचवटा असतो, आंघोळीची जागा अरुंद असते आणि जमीन ओली होते. अपंगांसाठीच्या केबिनमध्ये उंचवटा नसतो, धरायला दांडे असतात, दार रुंद असते. अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या लवकर जातात. चालताना काठी किंवा वॉकर लागत असेल तर जहाज निवडण्याआधी ही केबिन शिल्लक आहे का ते विचारावे.

मग उतरणे. ज्युनोमध्ये भरती-ओहोटीतला सरासरी फरक सुमारे पाच मीटर, म्हणजे दीड मजल्याएवढा असतो. तिथले काही धक्के तरंगते आहेत. जहाज आणि धक्का बरोबरच वर-खाली होतात, पण धक्क्यावरून जमिनीवर नेणारा उतार ओहोटीला उभा होतो. सकाळी सपाट वाटलेली वाट दुपारी चढण झालेली असते. ज्युनोचा एक धक्का गावापासून सुमारे मैलभर लांब आहे. सिटका इथे मोठी जहाजे गावाबाहेरच्या धक्क्याला लागतात आणि पुढे बसने जावे लागते. धक्का भरलेला असेल तर जहाज नांगर टाकून उभे राहते आणि लहान बोटीतून जावे लागते. हलत्या बोटीत पाय टाकणे हेच वयस्करांना सगळ्यात अवघड. जहाजे कोणत्या दिवशी कोणत्या धक्क्याला लागणार याची वेळापत्रके आधी प्रसिद्ध होतात. ती पाहून तारीख ठरवता येते.

गर्दी गावातही असते. ज्युनोची वस्ती सुमारे ३२ हजार. तिथे २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याचा करार लागू झाला आणि २०२६ पासून शनिवारी १२ हजार व इतर दिवशी १६ हजार प्रवासी-खाटांची मर्यादा ठरली. गावाच्या निम्म्याएवढी माणसे एका दिवसात उतरतात म्हटल्यावर बसायला बाक मिळणेही मुश्किल. सकाळी पहिल्या झुंडीबरोबर न जाता अकरानंतर उतरणे बरे.

हिमनदी कुठून पाहायची?

अलास्काला माणसे जातात ती समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्या पाहायला. इथे दोन जहाजांतला फरक सगळ्यात मोठा आहे. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. त्यासाठी उद्यान विभागाचा परवाना लागतो. हॉलंड अमेरिका लाइनकडे तो वर्षानुवर्षे आहे. रॉयल कॅरिबियनची जहाजे तिथे जात नाहीत. ती एंडिकॉट आर्म या खाडीतल्या हिमनदीकडे किंवा हबर्ड हिमनदीकडे जातात. त्या जागाही सुंदर आहेत. पण एंडिकॉट आर्म अरुंद आहे आणि पाण्यात हिमखंड फार असले की मोठे जहाज हिमनदीपासून दूरच थांबते. जवळ जायचे तर लहान बोटीची वेगळी सहल घ्यावी लागते.

ग्लेशियर बेमध्ये जहाज धक्क्याला लागतच नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूवरच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिले तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे सरकला होता. आज जहाज ज्या पाण्यातून तासन्‌तास जाते, ते पाणी तेव्हा बर्फाखाली होते. शेवटी मार्जेरी हिमनदीसमोर जहाज थांबते. सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि मुखाशी दीडेक किलोमीटर रुंद अशी ही बर्फाची निळसर भिंत. तिचा एखादा कडा कोसळतो तेव्हा आधी पाणी उसळलेले दिसते आणि आवाज मागून येतो. अर्धा किलोमीटरवर असाल तर दीड सेकंदाने. कप्तान जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ते दिसते. म्हणून जाऊन-येऊन असलेल्या फेरीत ‘हिमनदीच्या बाजूची बाल्कनी’ म्हणून जादा पैसे द्यायची गरज नसते.

वयस्कर माणसाच्या दृष्टीने हे सगळे एक पायरीही न उतरता, खुर्चीत बसून, अंगावर शाल घेऊन पाहता येते. गुडघे किंवा धाप यामुळे किनाऱ्यावरच्या सहली जमणार नसतील, तर ग्लेशियर बेचा मार्ग असलेले जहाज आणि नसलेले जहाज यांत दुसरा विचारच करू नये. स्कॅगवे या अलास्कातल्या बंदराची व्हाइट पास रेल्वेही अशीच सोयीची. १९०० मध्ये पूर्ण झालेली ही अरुंद रुळांची गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८७० मीटर उंचीपर्यंत चढते आणि डोंगर, दऱ्या, धबधबे बसल्या जागी दाखवते. ती दोन्ही जहाजांच्या प्रवाशांना घेता येते.

‘म्हातारे झाले म्हणून काय झाले?’

यावर एक रास्त आक्षेप आहे. वय झाले म्हणजे माणसाला फक्त शांतताच हवी, हे कुणी ठरवले? सत्तरीतही काचेच्या गोलात बसून समुद्रापासून ९० मीटर उंच जायला आवडणारी माणसे आहेत. ओव्हेशनवरचा नॉर्थ स्टार नावाचा हा गोल एका वेळी चौदा जणांना उचलतो आणि अलास्कात तिथून दिसणारे दृश्य खरोखर विलक्षण असते. शिवाय अलास्कात पाऊस फार. केचिकनला वर्षाला जवळपास ३,८०० मिलिमीटर पडतो. बाहेर सतत रिपरिप असेल तर आत फिरायला, बसायला जागा हवीच, आणि तिथे मोठे जहाज नक्की पुढे आहे. त्यावर फक्त मोठ्यांसाठी राखलेला काचेच्या छताखालचा सोलेरियमही आहे.

हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यातूनच निवड दोन वाटांनी फुटते. आई-बाबांबरोबर मुलगा, सून आणि नातवंडे जाणार असतील, तर ओव्हेशन घ्यावे. नातवंडे खेळांत रमतील, आजी-आजोबा त्यांना पाहतील, आणि सामान उचलायला, रांगेत उभे राहायला तरुण माणसे बरोबर असतील. मोठ्या जहाजाच्या अडचणींपैकी निम्म्या तिथेच सुटतात. पण आई-बाबा दोघेच जाणार असतील, तर याच अडचणी त्यांच्या एकट्यांच्या अंगावर येतात. तेव्हा संध्याकाळी पियानो किंवा चौघांचे वादन ऐकत बसता येईल, जेवणाला घाई नसेल आणि परतीची वाट सापडेल असे जहाज बरे.

दुसरा आक्षेप भाड्याचा. मोठे जहाज माणशी स्वस्त पडू शकते. पण तुलना करताना नुसते भाडे पाहू नये. दररोज माणशी आकारली जाणारी टिप, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि निघण्याच्या बंदरापर्यंतचा प्रवास हे सगळे मिळवून पाहावे. मे महिन्यात दोन्ही जहाजे तुलनेने स्वस्त असतात, शाळा सुरू असल्याने मुले कमी असतात आणि दक्षिण अलास्कात पाऊसही ऑगस्ट-सप्टेंबरपेक्षा कमी असतो. थंडी मात्र असते. पर्याय असेल तर मेचा दुसरा पंधरवडा साधावा.

दवाखाना, विमा, ताट

दोन्ही जहाजांवर डॉक्टर, परिचारिका आणि प्राथमिक उपचारांची सोय आहे, पण ते रुग्णालय नव्हे. छातीत दुखू लागले तर तात्पुरते उपचार करून रुग्णाला पुढच्या बंदरावर उतरवतात, किंवा फारच गंभीर असेल तर तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर बोलावतात. दवाखान्याचे बिल प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यावर चढते आणि विम्याचे पैसे नंतर मागावे लागतात. भारतातली नेहमीची आरोग्य पॉलिसी बहुधा देशाबाहेर चालत नाही. अमेरिकेसाठी घेतलेल्या पॉलिसीत समुद्रावरचा प्रवास, कॅनडा, जुने आजार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च या चार गोष्टी आहेत का, ते वाचून घ्यावे. रोजची औषधे दोन-चार दिवस पुरून उरतील इतकी हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनवर पोचायला संध्याकाळ होते. बुफेला जाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचे सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

जेवणाचा घोर बहुतेक आयांना असतो. शाकाहारी आणि जैन जेवणाची मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवली तर दोन्ही कंपन्या सोय करतात. पहिल्याच रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला भेटून पुढच्या दिवसांचे ठरवून घेतले की बुफेत रोज शोधाशोध करावी लागत नाही.

तेव्हा दोघेच जाणार असतील तर माझे मत स्वच्छपणे कोनिंग्सडामच्या बाजूने आहे: व्हँकूवरहून, आतल्या वाटेने, ग्लेशियर बेचा दिवस असलेली फेरी, मे महिन्यात, मधल्या भागातली केबिन. जहाजे हंगामानुसार मार्ग बदलतात, म्हणून आपल्या तारखेच्या वेळापत्रकात ‘ग्लेशियर बे’ हे शब्द प्रत्यक्ष लिहिलेले आहेत ना, ते तपासावे. दोन्हींपैकी कोणतेही जहाज घेतले तरी आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का ते पाहावे, कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज वेळेत करावा आणि तो पासपोर्टवर लागेपर्यंत परत न मिळणारे भाडे भरू नये.